पीसीओएस, व्हिटॅमिन डी आणि वाया गेलेले महिने

"डॉक्टर, डी तर आता नॉर्मल आलं. मग अजून दिवस का राहत नाहीत?"

सात वर्षांपूर्वी एका पेशंटने हा प्रश्न मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वय ३१, शाळेत शिक्षिका, लग्नाला चार वर्षं झालेली. पाळी दोन-अडीच महिन्यांनी यायची, हनुवटीवर केस होते, लग्नानंतर वजन दहा-बारा किलोने वाढलं होतं. पीसीओएसचं निदान आधीच झालेलं होतं. त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी ती थकवा आणि अंगदुखीसाठी माझ्याकडे आली होती. रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी ११ निघालं. मी पुड्या लिहून दिल्या आणि जाता जाता म्हणालो, "आधी हे भरून काढू. पाळीलाही फायदा होईल. बाकीचं मग बघू."

मी ते धीर देण्यासाठी बोललो होतो. तिने आणि तिच्या घरच्यांनी मात्र तो उपचाराचा पहिला टप्पा समजला. स्त्रीरोगतज्ज्ञांची ठरलेली भेट पुढे ढकलली गेली. ती नेमाने पुड्या घेत होती, सकाळी सात वाजता गच्चीवर उन्हात बसत होती. डी ११ वरून २४ झालं, मग ३८ झालं. पाळी होती तशीच राहिली. दीड वर्ष निघून गेलं. या काळात नवऱ्याची तपासणी एकदाही झाली नव्हती.

"बाकीचं मग बघू" हे माझं वाक्य तिला महागात पडलं. आजही माझ्याकडे अशा मुली येतात. कुणी इंटरनेटवर वाचलेलं असतं, कुणाला मैत्रिणीने सांगितलेलं असतं, कुणाला आमच्यापैकीच एखाद्या डॉक्टरने. म्हणून या विषयावर माझं मत स्पष्ट लिहितो.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर ते जरूर भरून काढा. पण ते पीसीओएसमधल्या वंध्यत्वाचं औषध आहे असं समजून गर्भधारणेचे उपचार थांबवू नका. दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू करता येतात.

पीसीओएसमध्ये अडतं कुठे?

दर महिन्याला बीजांडकोशात अनेक छोटे फॉलिकल वाढायला लागतात. त्यातला एक पुढे जातो, पूर्ण वाढतो, फुटतो आणि त्यातून स्त्रीबीज बाहेर पडतं. यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. पीसीओएसमध्ये हे फॉलिकल अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट' असा शब्द असतो आणि पेशंट घाबरतात. त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात, ती थांबून राहिलेली फॉलिकल असतात. त्या ऑपरेशन करून काढायच्या नसतात.

हे का होतं? बऱ्याच जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. या जादा इन्सुलिनमुळे बीजांडकोशात पुरुषी हार्मोन्स वाढतात. त्यातून चेहऱ्यावर केस, मुरुमं आणि लांबणारी पाळी. अंगाने बारीक असणाऱ्या मुलींनाही पीसीओएस असतो, त्यामुळे वजन हे एकच कारण मानू नये.

मूल हवं असलेल्या पीसीओएसच्या स्त्रीमध्ये मुख्य अडचण असते ती ओव्ह्युलेशन न होण्याची. बीजच सुटलं नाही तर गर्भ राहणार कसा? कोणताही उपचार गर्भधारणेसाठी उपयोगी आहे की नाही, हे शेवटी दोन गोष्टींवरून ठरवायचं: त्याने ओव्ह्युलेशन वाढतं का, आणि बाळं जास्त जन्माला येतात का.

मग डीचं नाव यात आलं कुठून?

ही कल्पना हवेतून आलेली नाही, हे आधी सांगायला हवं. व्हिटॅमिन डी हे नावाला जीवनसत्त्व असलं तरी शरीरात हार्मोनसारखं काम करतं. त्याला प्रतिसाद देणारे रिसेप्टर हाडांत आणि आतड्यात असतात, तसेच बीजांडकोशात आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातही असतात. ज्या एएमएच तपासणीबद्दल तुम्ही हल्ली ऐकता, त्या हार्मोनच्या जनुकावरही डीचा परिणाम होतो. म्हणजे संशोधकांना शंका यावी असा आधार होता.

पुढे एक महत्त्वाचं निरीक्षण आलं. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ६२६ स्त्रियांवर वंध्यत्वाच्या औषधांची एक मोठी चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या बहुतेक स्त्रियांच्या साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांत नंतर व्हिटॅमिन डी मोजलं गेलं. ते विश्लेषण २०१६ मध्ये आलं. ज्यांचं डी कमी होतं, त्यांच्यात औषधं देऊनही ओव्ह्युलेशन कमी झालं आणि बाळ जन्माला येण्याचं प्रमाणही कमी राहिलं.

हे वाचून कुणालाही वाटेल की डी वाढवलं की बाळ होईल. मलाही तसंच वाटलं होतं. माझी चूक इथेच झाली.

छत्री आणि चिखल

ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात, त्याच दिवशी चिखलही जास्त असतो. म्हणून सगळ्यांनी छत्र्या मिटल्या तर चिखल सुकेल का? दोन्हीच्या मागे पाऊस आहे.

डी आणि पीसीओएस यांच्या मागेही असा पाऊस असू शकतो. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळतं. शरीरात चरबी जास्त असेल तर ते तिथे पसरून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. २०१३ मध्ये जनुकांच्या आधारे झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की वजन वाढलं की डी घटतं. डी कमी असल्यामुळे वजन वाढतं याला मात्र त्यात आधार मिळाला नाही. ज्या स्त्रीचं वजन जास्त आहे, चालणं-फिरणं कमी आहे, दिवस घरात किंवा ऑफिसात जातो, तिचं डी कमी असणार आणि तिच्यात इन्सुलिनचा गोंधळही जास्त असणार. गर्भ न राहण्याचं कारण डी आहे की त्याच्या सोबतीला असलेलं बाकी सगळं, हे फक्त रक्त तपासून कळत नाही.

ते कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच. स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला डी द्यायचं, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारं पण औषध नसलेलं काही द्यायचं, आणि मोजायचं.

देऊन पाहिलं तेव्हा काय झालं?

पीसीओएसमध्ये डी देऊन पाहिलेल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि थोड्या महिन्यांच्या आहेत. डोसही प्रत्येकीत वेगळा. काहींत पाळीत किंवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये थोडी सुधारणा दिसली, काहींत काहीच फरक पडला नाही. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि घरात बाळ येणं यांत अंतर असतं, हेही लक्षात ठेवा.

इटलीत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसाठी आलेल्या, डी कमी असलेल्या ६३० स्त्रिया त्यात होत्या. काहींना उपचाराआधी ६ लाख युनिट डी एकदम दिलं, बाकींना औषध नसलेला डोस. डी घेतलेल्या गटात ३७ टक्के स्त्रियांना गर्भ राहिला, न घेतलेल्या गटात ४० टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही. ही चाचणी फक्त पीसीओएसच्या स्त्रियांवर नव्हती आणि त्यात लठ्ठ स्त्रिया नव्हत्या, म्हणून तिच्यावरून शेवटचा शब्द बोलता येणार नाही. पण 'डी भरलं की गर्भ राहतो' हे विधान इतक्या सहज करता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसऱ्या आजारांतही हेच घडलं आहे. डी कमी असलेल्यांना मधुमेह, हृदयविकार, कर्करोग जास्त होतात अशी निरीक्षणं होती. मग अमेरिकेत सुमारे २५ हजार ८०० लोकांना डी किंवा खोटी गोळी देऊन पाहिली. २०१९ च्या निष्कर्षांत हृदयविकार किंवा कर्करोग होण्याचं प्रमाण डीमुळे कमी झालेलं दिसलं नाही. त्याच वर्षी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४०० हून अधिक लोकांना रोज ४ हजार युनिट देऊनही मधुमेह टळतो असं ठामपणे सांगता येईल इतका फरक मिळाला नाही. पीसीओएसची गाठ इन्सुलिनशी आहे, म्हणून हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो.

मग डी घ्यायचं की नाही?

कमी असेल तर घ्यायचं. हाडांसाठी, स्नायूंसाठी आणि होणाऱ्या बाळासाठीही आईच्या शरीरात पुरेसं डी असायला हवं. गर्भधारणेची तयारी करणाऱ्या स्त्रीमध्ये कमतरता तशीच ठेवावी असं मी म्हणत नाही. फक्त काही गोष्टी समजून घ्या.

रिपोर्टमधला लाल आकडा पाहून घाबरू नका. बऱ्याच लॅब ३० च्या खालचं सगळं कमी म्हणून छापतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या समितीने २०११ मध्ये हाडांच्या दृष्टीने २० हा आकडा बहुतेक सगळ्यांना पुरेसा मानला होता. ३० चा आग्रह धरणाऱ्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो आग्रह सोडला. २६ आलं म्हणून रात्रीची झोप घालवण्याचं कारण नाही. ११ आलं तर उपचार हवेतच.

६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, साधारण आठ आठवडे, आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तर. जेवणाबरोबर किंवा दुधातून घेतली तर चांगली शोषली जाते. 'रोज एक' असं ऐकून महिनाभर रोज पुडी घेतलेले पेशंट मी पाहिले आहेत. अशाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी अशी लक्षणं दिसतात आणि किडनीला इजा होऊ शकते. जादा डी लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठून राहतं.

भलामोठा डोस एकदम घेणंही शहाणपणाचं नाही. ऑस्ट्रेलियात वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्यात पडणं आणि हाड मोडणं कमी होण्याऐवजी वाढलं. हा अभ्यास २०१० चा. तरीही '६ लाखांचं एक इंजेक्शन द्या, म्हणजे काम झालं' अशी मागणी करणारे पेशंट मला भेटतात.

आता उन्हाबद्दल. माझी शिक्षिका पेशंट सकाळी सातला गच्चीवर बसत होती. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात डी तयार करणारे किरण फारच कमी असतात. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान पडते ती वेळ उपयोगाची, म्हणजे साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत. हात-पाय उघडे ठेवून १५-२० मिनिटं, सावळ्या त्वचेला थोडी जास्त. बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. आहारात अंड्याचा बलक, बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे आणि डी घातलेलं दूध यांतून थोडं मिळतं. शाकाहारी जेवणातून फारच कमी.

महिने कशावर खर्च करावेत?

पाळी ३५-४० दिवसांच्या पुढे जात असेल आणि मूल हवं असेल, तर 'एक वर्ष प्रयत्न करा, मग बघू' हा नियम तुम्हाला लागू नाही. तो नियमित पाळी असलेल्या, पस्तिशीच्या आतल्या जोडप्यांसाठी आहे. तुम्ही लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता घटत जाते आणि पस्तिशीनंतर हा वेग वाढतो. डीचा आकडा पुढच्या वर्षीही भरून काढता येईल, गेलेलं वर्ष परत मिळणार नाही.

पहिल्याच भेटीत थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब पाहिला जातो. फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू करायची असते. हे डीइतकंच स्वस्त आहे आणि बाळाच्या मेंदू-मणक्यातले दोष टाळण्यासाठी त्याचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे. तरीही डीच्या पुड्या नेमाने घेणाऱ्या कित्येक मुलींना त्याची माहिती नसते.

नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. बायकोला पीसीओएस आहे म्हणून नवऱ्याकडे दोष नसेलच असं नाही. सगळ्यात सोपी, न दुखणारी आणि एका दिवसात होणारी ही तपासणी आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झाल्यानेही बऱ्याच जणींची पाळी सुधारते. ७० किलोच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. पण इथेही तोच धोका आहे. 'आधी वीस किलो कमी करा, मग या' असं सांगून ३४ वर्षांच्या स्त्रीला दोन वर्षं थांबवणं मला पटत नाही.

ओव्ह्युलेशन घडवून आणण्यासाठी औषधं आहेत. २०१४ मध्ये पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, जास्तीत जास्त पाच महिन्यांच्या उपचारांनंतर लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना बाळ झालं. जुन्या क्लोमिफीनने हेच प्रमाण १९.१ टक्के होतं. आज पीसीओएसमध्ये लेट्रोझोल हेच पहिल्या पसंतीचं औषध मानलं जातं. मूळ ते स्तनाच्या कर्करोगाचं औषध आहे. माहितीपत्रकात तसं वाचून काहीजणी गोळी घ्यायच्याच थांबतात. इथे ते महिन्यातून पाचच दिवस दिलं जातं, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, म्हणून घाबरू नका. नुसत्या मेटफॉर्मिनने काम होईल असंही धरून चालू नका. २००७ च्या ज्या चाचणीचा वर उल्लेख केला, तिच्यात फक्त मेटफॉर्मिन घेतलेल्यांपैकी ७.२ टक्के स्त्रियांनाच बाळ झालं होतं. त्याचे बाकी उपयोग आहेतच.

२७ टक्के म्हणजे फार मोठा आकडा नाही, हे मला मान्य आहे. शंभरातल्या सत्तरहून अधिक स्त्रियांना पुढची पायरी चढावी लागते. पण हा आकडा प्रत्यक्ष जन्मलेल्या बाळांवरून मोजलेला आहे. डीच्या पुडीकडे आज तरी असा आकडा नाही.

घरच्यांना दोन शब्द

व्हिटॅमिनवर सगळ्यांचा भरवसा का बसतो, हे मला समजतं. ते साधं वाटतं, स्वस्त असतं, त्याने 'आपल्याला काही आजार आहे' असं वाटत नाही. वंध्यत्वाच्या डॉक्टरांकडे जाणं म्हणजे काहीतरी कबूल करणं, असं अजून अनेक घरांत वाटतं. सासूबाई म्हणतात, "एवढी काय घाई आहे? आधी अंगात ताकद येऊ दे." त्यात माया असते. पण त्या मायेचा हिशेब सुनेच्या वयातून वजा होत असतो.

आणि डी कमी निघालं की 'उन्हात जात नाही, दूध पीत नाही, म्हणूनच मूल होत नाही' असं तिला ऐकवू नका. आपल्या देशातल्या अभ्यासांत शहरांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं डी कमी सापडतं. त्या सगळ्यांना मुलंबाळं आहेतच ना?

माझ्या त्या पेशंटचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याच दिवशी मी तिला चिठ्ठी देऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. नवऱ्याचा रिपोर्ट चार दिवसांत आला, तो ठीक होता. लेट्रोझोलच्या तिसऱ्या महिन्यात तिला दिवस राहिले. तिचा मुलगा आता शाळेत जातो. सगळ्यांचं असं होत नाही, आणि एका पेशंटवरून काही सिद्धही होत नाही. पण ती ३१ ऐवजी ३७ वर्षांची असती, तर माझ्या त्या एका वाक्याची किंमत काय झाली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून पीसीओएसच्या पेशंटला डी लिहून देताना मी चिठ्ठीवर दोन वेगळ्या ओळी लिहितो. पहिली: 'ही पुडी हाडांसाठी, आठवड्यातून एकदा.' दुसरी: 'स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट, दोघांनी मिळून, याच महिन्यात.' तुमच्या चिठ्ठीवर दुसरी ओळ नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना ती आवर्जून विचारा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध किंवा त्याचा डोस स्वतःहून सुरू, बंद किंवा बदलू नका. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)